वरचा आर

आमच्या सुनेला एक खोड हाय. मी बोलायला लागले की ती माझ्याकडं पाठ करून उभी राहती.

रोज न्हाई, ती पेटी चालू असली तेव्हाच. पण पाठ ती पाठच. सासू बोलतीय अन् सून ओट्याकडं तोंड करून उभी, असं तेलगावात दुसऱ्या कुठल्या घरात दिसलं तर मला दाखवा. मी आमच्या आत्याबाईंसमोर, म्हणजे माझ्या सासूसमोर, एकोणीस वर्षं मान वर केली न्हाई. बरं, ही गप बी बसत न्हाई. "हां आत्या, बोला तुमी, ऐकतेय मी," असं म्हणती. कान मला अन् डोळे पेटीच्या काचेला.

पेटी म्हणजे ओव्हन. सुनेचा, म्हणजे ईश्वरीचा, भाऊ पुण्याला कारखान्यात हाय, त्यानं लग्नात रुखवतावर ठेवला. कुरडया-शेवयांची ताटं तशीच राहिली अन् सगळ्या बाया त्या काचेत वाकून बघायला लागल्या. एकीनं तर विचारलं, "ह्याच्यावर छायागीत दिसतं का हो?" आमच्या वीरेशची छाती फुगली. तेव्हा नुकतीच गावात केबल आली होती, दुकानात शाम्पूच्या पुड्यांच्या माळा लटकत होत्या, अन् पोराला वाटायचं की जे जे नवं ते ते आपल्याच घरात आधी यावं. मी म्हणलं, येऊ दे. चूल माझी हाय, पेटी तिची. माझ्या चुलीला हात लावला न्हाई म्हणजे झालं.

दीड वर्ष तसंच चाललं. ती पेटीत नानकटाई करायची, शेंगदाणे भाजायची. मालकांनी, म्हणजे आमच्या ह्यांनी, एकदा चार नानकटाया खाल्ल्या अन् "बरं झालंय" म्हणाले. छत्तीस वर्षांच्या संसारात माझ्या हातच्या कशाला ते "बरं झालंय" म्हणले न्हाईत. पण जाऊ द्या ते.

त्या माघात माझ्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरनं बजावलं, चाळीस दिवस धुरापाशी जायचं न्हाई, जाळापुढं बसायचं न्हाई, खाली वाकायचं न्हाई. अन् ऑपरेशनच्या बाविसाव्या दिवशी आत्याबाईंची पुण्यतिथी आली.

आमच्या घरी त्या दिवशी जंगमस्वामी, आमचे गुरू, जेवायला येतात. पंचपक्वान्न काय बी करा, पण आत्याबाईंच्या नावानं रोडगे लागतात, पाच. गव्हाची रवाळ कणीक, ओवा, मीठ, तुपाचं मोहन, घट्ट मळून मुठीएवढे गोळे. ते गोवऱ्यांच्या रसरसत्या आरात पुरायचे, वरून राख-निखारा लोटायचा, झाकून टाकायचं, अन् तासाभरानं काढायचे. एक महादेवाला, एक स्वामींना, एक गाईला, एक आत्याबाईंच्या फोटोपुढं, अन् एक फोडून घरच्यांनी खायचा. रोडगा चिरलेला चालत न्हाई, जळलेला चालत न्हाई. अन् कणीक एकदाच मळायची. बिघडलं म्हणून दुसऱ्यांदा परातीत हात घालायचा न्हाई, ही रीत आत्याबाईंनीच घातलेली. त्या गेल्यापासून सोळा वर्षं मी रोडगे भाजले. एकदा बी काळा डाग पडला न्हाई.

ईश्वरी म्हणाली, "आत्या, मी पेटीत करते रोडगे. खालची कॉइल लावून आधी भाजून घेते, अन् शेवटाला वरची कॉइल एकटी लावून रंग आणते. आरावरच्यासारखे होतील."

"वरची म्हणजे?"

"वरच्या अंगाला बी तार असती आत्या. ती एकटी लावली की लाल होती अन् वरून आर पडावा तसं भाजतं. चार मिनिटांचं काम."

माझी नणंद कावेरी दिंद्रुडहून आदल्याच दिवशी आली होती. ती पान लावता लावता म्हणाली, "वहिनी, सोळा वर्षं तुमचा हात, अन् आता आमच्या आईचा रोडगा लाईटीवर का?"

मला ते लागलं. मालक बसलेले, वीरेश बसलेला. मी सगळ्यांच्या देखत बोलले, "कर बाई तुझ्या पेटीत. पण ऐकून ठेव. पेटीनं एक बी रोडगा बिघडवला, तर ती पेटी तुझ्या माहेरी जाईल, अन् मी बोलवीपर्यंत तू बी तिच्यासंगट तिथंच राहायचं."

वीरेश म्हणाला, "आई, कावून असं बोलतीस?"

"बोलले ते बोलले."

हे घर मला ओळखतं. मी बोललेलं परत गिळत न्हाई. कावेरीनं पान तोंडात घातलं. ईश्वरी नुसती माझ्याकडं बघत राहिली. त्या वेळी मात्र तोंड माझ्याकडंच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला तिनं कणीक मळली. मी डोळ्यावर काळा चष्मा लावून खुर्ची टाकून दारात बसले. मळणं बरं होतं, ते मी कबूल करते. नऊला लाईट आली, पण मेंगळट. शेतातल्या मोटारी चालू असल्या की आमच्याकडं घरातला बल्ब पिवळट दिसतो, शिळ्या भाकरीसारखा. तिनं खालची कॉइल लावली. अर्धा तास झाला, पाऊण झाला. ती घडी घडी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघायची अन् बल्बाकडं बघायची.

"बल्बात काय हाय गं?" मी म्हणलं.

"लाईटीचा जोर बघते आत्या. अकराला थ्री फेज जाती, मोटारी बंद होतात. मग घरातली लाईट एकदम वाढती. त्याच्या आत वरची कॉइल आटपली पायजे, न्हाईतर तिथं चार मिनिटांचं एका मिनिटात होतं."

मी मनात म्हणलं, ही काय लाईटवाल्यांच्या हापिसात नोकरीला हाय का. वरण झालं होतं, वांग्याची भाजी झाली होती, हुग्गी, गव्हाची खीर, झाली होती. राहिले होते ते रोडगे.

अकराला दहा मिनिटं कमी असताना तिनं रोडग्यांना वरून तूप लावलं अन् वरची कॉइल चालू केली. मला त्या एका डोळ्यानं सुद्धा दिसली. आधी काळी, मग विटकरी, मग लाल. अगदी आर. खोटं कशाला बोलू, वरून पडणारा आर मी जल्मात बघितला न्हवता. आरावर झाकण घालणारी मी बाई.

अन् एक गोष्ट मला पटली न्हाई. तिनं पेटीचं दार पुरतं लावलं न्हाई. दारात लाकडी उलथणं आडवं घातलं अन् दोन बोटं फट ठेवली.

"दार लाव की. सगळी ऊब बाहेर चालली."

"वरची कॉइल असली की फट लागती आत्या," ती मागं न वळता म्हणाली. "वाफ बाहेर गेली पायजे. तूप हाय ना वर."

तेवढ्यात बाहेर जीप थांबल्याचा आवाज आला. स्वामी दर वर्षी बाराला यायचे. त्या दिवशी त्यांना लवकर जीप मिळाली. मालकांचा आवाज आला, "या, या स्वामी! अगं ए, पाणी आणा पायावर!"

आता आमच्यात स्वामींचे पाय उंबऱ्यावर धुवायचे ते घरच्या सुनेनंच. नणंद असू द्या, लेक असू द्या, सासू असू द्या, सून घरात असताना दुसरं कुणी हात लावत न्हाई. अन् पाय धुतल्याशिवाय स्वामी आत येत न्हाईत.

"ईश्वरी, चल."

"दोन मिनिटं आत्या."

"स्वामी उन्हात उभे हायत."

"दोनच मिनिटं. मामांना म्हणा, बसवा ओसरीवर. आता रंग धरायला लागलाय."

पाठ. तीच पाठ. बाहेर स्वामी उभे, अन् ही मला पाठ दाखवून सांगतीय की स्वामींना थांबवा. माझ्या डोक्यात सणक गेली. कावेरी मागं येऊन उभी राहिली होती, तिच्या देखत.

"ईश्वरी! वळ इकडं! तांब्या घे अन् चालू लाग! पेटी राहिली एकीकडं अन् रीत राहिली एकीकडं!"

ती वळली. घाम फुटला होता तिला. घड्याळाकडं बघून म्हणाली, "मग बंद करते अन् जाते."

"बंद कावून? मी हाय न्हवं का इथं. सोळा वर्षं भाजलेत मी, तू मला रोडगा राखायला शिकवती का?"

"तसं न्हाई आत्या. बल्ब वाढला की हे बटण डावीकडं फिरवा. लगीच. अन् दार..."

"जा!"

गेली. कावेरी तिच्या मागोमाग गेली, पाय कसे धुतीय ते बघायला.

मी पेटीपुढं उभी. त्या फटीतून ऊब माझ्या पोटावर येत होती. मी मनात म्हणलं, रोडगा कधी उघड्यावर भाजतात का? आर असतो तेव्हा आपण झाकतो, राख लोटतो, तेव्हा तो आतून फुलतो. ही पोरगी पुस्तकातलं सांगती, अन् पुस्तक लिहिणाऱ्याला रोडगा काय माहीत. मी उलथणं ओढून काढलं, ओट्यावर ठेवलं अन् दार दाबून लावलं.

मग बाहेरून पाण्याचा आवाज आला. पाय नीट धुतीय का, पदर डोक्यावर हाय का, अंगठ्यावर भस्म लावताना हात कापतोय का, हे बघायला मी चौकटीपाशी गेले. चार पावलं. अन् पेटीकडं पाठ करून उभी राहिले.

किती वेळ उभी होते, सांगता येत न्हाई. स्वामी आशीर्वाद देत होते. अन् माझ्या काळ्या चष्म्यातून सुद्धा मला कळलं की भिंत उजळली. वरचा बल्ब भक्कन पांढरा झाला होता.

मी वळले तेव्हा काचेच्या आत पिवळं नाचत होतं.

तूप पेटलं होतं. पेटीच्या फटीफटीतून काळा धूर. डोळ्यात सुई टोचावी तसं झालं. कुठलं बटण, कुठली डावी बाजू, मला काही सुचेना. हाताला पाण्याची कळशी लागली, ती उचलली.

"पाणी न्हाई!"

ईश्वरीचा एवढा मोठा आवाज त्या घरानं कधी ऐकला न्हवता. ओल्या पायांनी धावत आली, माझं मनगट धरलं, कळशी हिसकून खाली ठेवली अन् मला बाजूला सारलं. सारलं म्हणजे ढकललंच म्हणा. मग पदरानं हात पुसला, भिंतीवरचं मेन बटण खट्कन बंद केलं अन् पेटीपुढं आडवी उभी राहिली.

"दार उघडू नका कुणी. आपोआप विझतं. आत्या, डोळा झाका. धूर हाय."

सगळे दारात. वीरेश, कावेरी, मालक. आतला जाळ काचेवर उडी मारत होता. काच तडकती का काय, असं वाटायचं. तिनं मला हातानं मागं लोटलं होतं, अन् स्वतः मात्र तिथून हलली न्हाई. पिवळं कमी झालं, निळं झालं, अन् एकदाचं गेलं.

थोड्या वेळानं तिनं फडक्यानं दार उघडलं. पाचातले चार रोडगे वरून कोळसा झालेले. दाराजवळच्या कोपऱ्यातला एकच शाबूत, खरपूस, जसा पायजे तसा.

बाहेरून स्वामींनी विचारलं, "काय जळालं हो?"

मग कावेरीच बोलली.

"सासूचा हात धरला हिनं. मी डोळ्यानं बघितलं. ढकललं. अन् आमच्या आईचे रोडगे तर गेले ते गेलेच. दुसऱ्यांदा कणीक मळता येत न्हाई. वहिनी, काल काय बोलल्या होत्या तुमी?"

वीरेश बायकोवर खेकसला, "चार मिनिटं पेटीपाशी उभं राहता येत न्हाई का गं तुला?"

तिनं नवऱ्याकडं बघितलं न्हाई. ओट्याकडं बघितलं. तिथं उलथणं पडलेलं, अन् त्याच्या दांड्याला दाराच्या कडेची करपट रेघ. ते दारात न्हाई, ओट्यावर हाय, हे तिला कळलं. मला बी कळलं की तिला कळलं. आता ही तोंड उघडणार, म्हणलं. एकच वाक्य लागत होतं तिला. आत्यानं दार लावलं, बस.

तिनं उलथणं उचललं, मोरीत धुतलं अन् खुंटीला अडकवलं.

"चूक झाली," ती म्हणाली. कुणाची, ते म्हणाली न्हाई. "बॅग भरते मी. स्वामींचं जेवण होऊ द्या आधी."

मालक माझ्याकडं बघत होते. छत्तीस वर्षांत त्यांनी मला कधी काही विचारलं न्हाई. तेव्हा बी विचारलं न्हाई, नुसतं बघत होते. त्यापेक्षा कुणी थोबाडीत मारलेली बरी.

मी काय करावं? गप बसले असते तर माझा शब्द राहत होता. कावेरी सगळ्या दिंद्रुडात सांगत फिरली असती की वहिनीनं म्हणल्याप्रमाणं करून दाखवलं. सोळा वर्षं डाग पडला न्हाई, अन् सतराव्या वर्षी पडला तो पेटीचा. सून दोन-तीन महिने माहेरी राहून आली असती. कुणाला काही कळलं नसतं. मला अन् तिला सोडून. अन् ती कधीच बोलली नसती, हे मला त्या खुंटीकडं बघून कळलं होतं. तेच मला सहन झालं न्हाई. ह्या घरात माझ्यावर उपकार करायची सवय कुणाला लागू द्यायची न्हाई मला.

मी चष्मा काढला. डोळ्यातून पाणी वाहत होतं, धुराचं.

"कावेरीवन्सं," मी म्हणलं, "काल मी काय बोलले होते, ते नीट सांगा बरं."

"पेटीनं रोडगा बिघडवला तर..."

"पेटीनं. बरोबर. पेटीनं बिघडवला न्हाई, मी बिघडवला. तिनं दाराला फट ठेवली होती, ती मी बंद केली. तिनं बटण बघा म्हणून सांगितलं, अन् मी तुमच्या मागं चौकटीत पाय धुणं बघत उभी राहिले. माझा शब्द जागच्या जागी हाय. तो मी मागं घेतलेला न्हाई."

कावेरी म्हणाली, "मग काय वहिनी, आता तुमी जाता का माहेरी?"

"गेले असते. पण माझ्या भावजया मला दोन दिवस सुद्धा ठिवायच्या न्हाईत."

मालक हसले. पुसटसं, पण हसले. ओसरीवरून स्वामींचा आवाज आला, "अहो, भूक लागली हाय मला! शाबूत असंल तो महादेवाला दाखवा, मला जळलेला द्या. वरचं साल काढा. तसं बी वरचं टणक मला चावत न्हाई, खाली दोनच दाढा राहिल्यात."

वीरेश मान खाली घालून पाट मांडायला गेला. ईश्वरी तिथंच उभी होती, भिंतीला टेकून. आता कुठं ती पदरानं डोळे पुसायला लागली होती.

मी म्हणलं, "रडू नको. रडायला मी मेले न्हाई अजून. इकडं ये. समोर उभी राहा माझ्या."

ती आली.

"पहिली गोष्ट. खरं माहीत असून तोंड बंद ठेवलंस, ही तुझी चूक. मला सांभाळून घ्यायला तुला कुणी सांगितलं न्हवतं. परत असं केलंस तर खरंच माहेरी धाडीन. दुसरी गोष्ट. माझा हात धरलास, ते बरं केलंस. पेटत्या तुपावर पाणी पडलं असतं तर भडका तोंडावर आला असता; डोळा राहिला माझा. अन् तिसरी गोष्ट नीट ऐक. वरची कॉइल लाल असली अन् मी हाक मारली, स्वामी आले म्हणलं, देव आला म्हणलं, घर पडलं म्हणलं, तरी वळायचं न्हाई. मी शिव्या देईन. लई देईन. त्या पाठीवर घ्यायच्या."